खानदेशी भाकर आणि उपकारस्तुती

धर्मांतरासाठी मराठीत 'बाटणे' हा जुना शब्द आहे आणि त्याचा संबंध विचारापेक्षा जेवणाशी अधिक आहे. कोणी परक्या धर्माचा ग्रंथ वाचून बाटला असे पूर्वी क्वचितच म्हटले जाई. कोणाच्या हातचे खाल्ले आणि कोणाच्या भांड्यातले पाणी प्याले, यावरच ते ठरत असे. पोर्तुगिजांनी विहिरीत पाव टाकून गावे बाटवली, ही आख्यायिका वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती घडली असो वा नसो, ती रचणाऱ्या आणि तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या समाजात धर्माची सीमारेषा स्वयंपाकघरातून जात होती, हे तिच्यातून स्पष्ट होते.

ही रेषा किती तीव्र होती, याचे सर्वपरिचित उदाहरण पुण्याचे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हात लावला. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि शहरात वादळ उठले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण धर्मपीठापर्यंत गेले आणि रानडे यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. ज्या काळात मिशनच्या आवारातील एक कप चहा एवढा महाग पडत होता, त्या काळात ज्यांनी प्रत्यक्ष ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या चुलीचे काय झाले असेल? त्यांच्या ताटात काय बदलले आणि काय तसेच राहिले? जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील ख्रिस्ती घरांकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते.

छोटा समाज, मोठी कुटुंबे

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मीयांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होती. त्यांतील बहुतेक मुंबई, वसई आणि पुण्याच्या परिसरातले. खानदेशात हा समाज अगदीच लहान आहे. १९०६ साली ब्रिटिशांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, तर पश्चिमेचे धुळे. त्याच सुमारास या भागात परदेशी मिशनरी संस्थांचे काम मूळ धरत होते. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव आणि चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत अमेरिकन मिशनरी आले. पश्चिमेकडे धुळे, नंदुरबार आणि नवापूरच्या पट्ट्यात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे काम सुरू झाले. फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश वंशाच्या धर्मप्रचारकाने १८९० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेली ही संस्था होती. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी मंडळ्यांची मुळे या कामात आहेत.

या लोकांचा ख्रिस्ती धर्म ना पोर्तुगिजांच्या सत्तेतून आला, ना किनारपट्टीवरच्या संस्कृतीतून. म्हणूनच 'ख्रिस्ती जेवण' म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर जे सोरपोतेल, विंदालू किंवा वाइन येते, त्याचा येथील घरांशी फारसा संबंध नाही. धुळ्याच्या ख्रिस्ती घरात पाहुणा आला, तर त्याच्या पानात शेवभाजी, काळ्या मसाल्याचा रस्सा, ठेचा आणि भाकरीच येणार. जळगावच्या घरात हिवाळ्यात भरीत होणार. त्यासाठी तीच हिरवट, मोठी वांगी लागतात, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती काड्यांच्या जाळावर भाजायची, ठेचायची आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे व कांद्याची पात घालून भरपूर तेलात परतायची. तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत ज्वारी, बाजरी, तूर, उडीद आणि भुईमूग पिकतो आणि पोट या जमिनीचेच ऐकते. बाप्तिस्म्याने नाव बदलले असेल, जिभेची चव बदलली नाही.

बायबलातील भाकर

चव टिकून राहिली, याला भाषेचाही हातभार लागला. इंग्रजी बायबलात जेथे 'ब्रेड' हा शब्द येतो, तेथे मराठी भाषांतरकारांना दोन पर्याय होते. एक पाव. पण मराठी मनात पावाची सांगड बाटण्याशी घातली गेली होती. दुसरा पर्याय भाकर. मराठी बायबलाने भाकर निवडली. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत दररोजच्या अन्नाची जी मागणी आहे, ती मराठी माणूस भाकर मागूनच करतो. पाच हजारांच्या जमावाला जेवू घालण्याच्या कथेत एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे असतात.

ही निवड वस्तुस्थितीलाही धरून होती. पॅलेस्टाइनच्या खेड्यांतील गरिबांची जवाची चपटी, गोल रोटी ही आजच्या पावापेक्षा आपल्या भाकरीलाच जवळची होती. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकरी हे खानदेशाचे रोजचे खाणे. ती थापणाऱ्या बाईला ही कथा समजण्यासाठी टीपेची गरज पडली नाही.

पंडिता रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे अशा भाषेचा आग्रह त्यामागे होता आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते तेथील स्त्रियांनीच छापले. दुष्काळातून आलेल्या ज्या हातांनी त्या आश्रमात जात्यावर दळले आणि भाकऱ्या भाजल्या, त्या स्त्रियांच्याच हातांनी भाकरीचा हा ग्रंथ छापला गेला.

जळगावचे कविसंमेलन आणि नगरचे घर

खानदेश आणि ख्रिस्ती स्वयंपाकघर यांना जोडणारा एक दुवा मराठी साहित्याच्या इतिहासातच आहे. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरले. धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने तेथे कविता म्हणून दाखवली आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही उपाधी दिली. संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळकही होते. त्यांनी या मुलाचे गुण ओळखले आणि पुढे बालकवी नगरला टिळकांच्या आश्रयाला गेले. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे पंचहौदच्या चहानंतर दोन दशकेही उलटली नव्हती आणि खानदेशातील एक ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरी घरच्यासारखा वावरत होता.

त्या घरात त्याला मुलाची माया मिळाली ती लक्ष्मीबाईंकडून. त्यांची स्वतःची वाटचाल अधिक खडतर होती. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले स्वयंपाकपाणी आणि सोवळे सांभाळले. एकाच घरात दोन धर्म आणि दोन चुली होत्या. पुढे त्यांनी विचारपूर्वक जातिभेद मनातून काढून टाकला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात ही सारी उलघाल त्या विनोदाने आणि निर्भीडपणे सांगतात. धर्मतत्त्वांच्या चर्चेपेक्षा पाणी, पातेली आणि पंगती यांच्या तपशिलांतून त्यांचे परिवर्तन वाचकाला दिसते, हे लक्षणीय आहे. पुढे टिळकांचे घर म्हणजे पाहुण्यांचा राबता, पदरी घेतलेली मुले आणि हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा यजमान, असा संसार झाला. त्या संसाराचा भार चुलीपाशी बसलेल्या बाईने पेलला.

बालकवींचा शेवट पुन्हा खानदेशातच झाला. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले. टिळक पुढच्याच वर्षी गेले. मात्र त्यांनी ओवी, अभंग आणि भजनाच्या चालींवर रचलेली गीते आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. खानदेशातील कौटुंबिक उपासनांतही ती असतात.

घास घेण्यापूर्वीचा क्षण

ही कौटुंबिक उपासना म्हणजे प्रॉटेस्टंट मराठी घरातील एक जुनी संस्था. सायंकाळी घरातली सर्व माणसे एकत्र बसतात, एखादे गीत म्हटले जाते, शास्त्रपाठ होतो आणि प्रार्थनेनंतर पाने वाढली जातात. जेवणापूर्वी पुन्हा एक छोटी प्रार्थना होते. अन्नासाठी उपकार, ज्या हातांनी ते शिजवले त्यांच्यासाठी आशीर्वाद आणि ज्यांना आज अन्न मिळाले नाही त्यांची आठवण, असे तिचे साधारण स्वरूप असते. पाहुणे असतील तर हा मान त्यांना दिला जातो. पुष्कळदा घरातल्या लहान मुलाला प्रार्थना करायला सांगतात आणि भूक लागली असल्याने ती फार लांबत नाही.

अन्नासाठी देवाचे आभार मानणे ही काही ख्रिस्ती धर्माची मक्तेदारी नव्हे. मराठी घरांत जेवणापूर्वी श्लोक म्हणण्याची रीत आहे. ज्यू परंपरेत भाकर मोडण्यापूर्वी देवाची स्तुती केली जाते आणि येशूने हीच रीत पाळली होती. ख्रिस्ती उपासनेतील सर्वांत पवित्र विधी, म्हणजे प्रभुभोजन, यालाही प्राचीन काळापासून 'युखारिस्त' हे नाव आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थच आभार मानणे असा आहे. म्हणजे या धर्माच्या केंद्रस्थानी जेवण आहे आणि त्या जेवणाचे नाव कृतज्ञता आहे. मराठी ख्रिस्ती भाषेत तिला 'उपकारस्तुती' असा सुंदर शब्द रूढ झाला.

या जेवणाला एक अटही आहे. पहिल्या शतकात करिंथ या ग्रीक शहरातील ख्रिस्ती मंडळी एकत्र भोजनाला जमत असे. मात्र श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि कष्टकरी येईपर्यंत काही उरत नसे. प्रेषित पौलाने त्यांना पाठवलेल्या पत्रात याबद्दल कठोर शब्द वापरले. असे जेवण हे प्रभूचे भोजन नव्हेच, एकमेकांसाठी थांबा, असे त्याने बजावले. भारतात या सूचनेला आणखी धार आली. येथे केवळ श्रीमंत-गरीब असा भेद नव्हता, पंक्तिभेद होता. वेगवेगळ्या जातींतून आणि आदिवासी जमातींतून आलेल्या माणसांनी एका चटईवर बसून एका पातेल्यातले खाणे, ही शंभर वर्षांपूर्वी लहान गोष्ट नव्हती. चर्चच्या आवारात होणाऱ्या सामूहिक जेवणाला 'प्रीतिभोजन' म्हणतात. त्यातील पदार्थ खानदेशीच राहिले. कोणी कोणाशेजारी बसायचे, हे मात्र बदलले.

अर्थात हा बदल पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. जातीची स्मृती ख्रिस्ती समाजातही सोयरिकीच्या वेळी डोके वर काढते. पंधरा-वीस माणसांच्या घरात एकमेकांसाठी थांबण्याची शिकवण दररोज वाचली जात असली, तरी शेवटी जेवायला बसते ती बहुधा स्वयंपाक करणारी सूनच. प्रार्थनेत जिच्या हातांना आशीर्वाद मागितला जातो, तिला गरम भाकरी क्वचितच मिळते. उपकारस्तुतीची खरी परीक्षा येथे आहे. ज्या घरांत मुलगे भाकरी भाजायला किंवा भांडी घासायला उठतात, तेथे ती प्रार्थना पुढे कृतीत उतरते. इतरत्र ती अर्धीच राहते.

घेणाऱ्याचे देणे

ख्रिस्ती कृतज्ञतेविषयी बोलताना एका जुन्या टोमण्याला बगल देता येत नाही. 'पोटासाठी धर्म सोडला' हे वाक्य या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी पश्चिम आणि मध्य भारत होरपळून निघाला. मिशनांच्या अनाथालयांत हजारो मुले आली. एकट्या मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांहून अधिक मुली आणि स्त्रिया होत्या. उपाशी मुलाला भाकर देणाऱ्याविषयी त्या मुलाला कृतज्ञता वाटली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण घेतलेल्या अन्नाचे ओझे आयुष्यभर वागवणे ही कृतज्ञता नव्हे, ती मिंधेपणाची भावना झाली. या दोहोंतील फरक ओळखायचा, तर घेणारा पुढे देणारा झाला का, हे पाहावे लागते.

त्याचे उत्तर हंगामाच्या सणात मिळते. पीक घरात आले की चर्चमध्ये हा सण होतो. काही ठिकाणी त्याला कापणीचा सण म्हणतात. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारी-बाजरीची कणसे, तुरीच्या शेंगा, केळ्यांचे घड, भोपळे, अंडी, कोंबड्या आणि घरी केलेले लाडू मांडले जातात. शेती नसलेली कुटुंबे शिजवलेले पदार्थ आणतात. उपासना झाल्यावर त्यांचा लिलाव होतो. एखादे अंडे शंभर रुपयांना जाते आणि घेणारा ते पुन्हा लिलावाला परत देतो. बाजारभाव येथे गैरलागू असतो. जमलेला पैसा मंडळीच्या कामासाठी आणि गरजूंसाठी वापरला जातो. ज्याच्याकडे रोकड नाही, त्यालाही एक भोपळा घेऊन मानाने देणाऱ्यांच्या रांगेत उभे राहता येते, हे या सणाचे मोठेपण.

याहून साधी रीत स्वयंपाकघरातच सुरू होते. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० मध्ये 'बुहफाइ थाम' ही प्रथा सुरू केली. प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढायचे आणि ते चर्चला द्यायचे. शतकानंतरही ती चालू आहे आणि तेथील चर्चच्या उत्पन्नाचा तो एक महत्त्वाचा स्रोत आहे. महाराष्ट्रालाही ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मुष्टिफंड गोळा केला जात असे. डब्यातून एक मूठ आधी बाजूला काढली, की स्वयंपाकाला बसतानाच दुसऱ्याचा हिस्सा मान्य केला जातो. जेवण उरले तर देऊ, हा विचार त्यात नसतो. या एका मुठीने 'पोटासाठी' या टोमण्याला परस्पर उत्तर मिळते.

ताटावरचा रुमाल

नाताळात ही देवघेव घराच्या उंबऱ्याबाहेर पडते. मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरच्या मध्यापासून करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, लाडू आणि अनारसे तळले-वळले जाऊ लागतात. दिवाळीचाच हा फराळ, निमित्त वेगळे. गोव्यातील ख्रिस्ती घरांत होणारी नेवरी ही याच करंजीची बहीण, तर मुंबईतील कलकल शंकरपाळ्यांच्या कुळातले. मोठ्या कुटुंबात हे काम एकटीचे नसते. सुना, लेकी आणि नणंदा एकत्र बसतात आणि गावोगावची माणसे नाताळासाठी घरी परततात. फराळाची पहिली ताटे रुमालाने झाकून शेजारी जातात. दिवाळीत आलेल्या ताटाची ती परतफेड असते आणि रिकामे ताट परत पाठवायचे नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला जातो.

येथेही एक नाजूक प्रश्न आहे. शेजारचे ताट फराळाचे असेल तर अडचण नसते, पण नैवेद्य असेल तर काय करायचे? ख्रिस्ती कुटुंबांत याबाबत एकमत नाही. काही जण नम्रपणे नकार देतात, काही जण ते स्नेहाची भेट म्हणून घेतात. मजेची गोष्ट अशी, की हाच प्रश्न करिंथच्या मंडळीपुढेही होता. पौलाने दिलेले उत्तर दोन बाजूंचे होते. मूर्ती काहीच नाही हे जाणणाऱ्याला अन्नाने बाधा होत नाही. मात्र ज्याच्या मनाला ते बोचते, त्याच्या मनाचाही मान राखावा. धुळ्याच्या किंवा जळगावच्या गल्लीतले शेजारी हा तिढा पौलाचे पत्र न काढताच सोडवतात. पूजेपूर्वी बाजूला काढलेल्या लाडवांचे ताट वेगळे पाठवले जाते. त्याचप्रमाणे ख्रिस्ती घरातही शाकाहारी शेजाऱ्यासाठीचा फराळ वेगळ्या तेलात तळला जातो. एकमेकांच्या श्रद्धेचा असा मान भाषणांतून शिकवता येत नाही. तो ताटांच्या देवघेवीतूनच अंगवळणी पडतो.

आज खानदेशातील तरुण पुण्या-मुंबईला आणि सुरतेला नोकरीसाठी गेले आहेत. पंधरा माणसांचे घर तीन-चार माणसांचे झाले, कळण्याच्या भाकरीची जागा अनेक ठिकाणी विकतच्या पोळ्यांनी घेतली. जेवणाच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे सायंकाळची कौटुंबिक उपासनाही विरळ होत चालली आहे. तरीही घास घेण्यापूर्वी थांबण्याचा तो अर्ध्या मिनिटाचा क्षण पुष्कळांनी सोबत नेला आहे. कार्यालयाच्या उपाहारगृहात डबा उघडून क्षणभर डोळे मिटणाऱ्या माणसाला पूर्वीसारखे कोणी बाटलेला म्हणत नाही. त्याच्या डब्यातले भरीत चाखून पाहायला सहकारी न विचारता हात पुढे करतात. पंचहौदच्या चहाला जिथे प्रायश्चित्त लागले, त्या महाराष्ट्राने एवढी मजल मारली आहे. ती टिकवायची असेल, तर ज्या कष्टकरी हातांनी हे अन्न पिकवले आणि शिजवले, त्यांच्यासाठीही त्या अर्ध्या मिनिटात जागा असली पाहिजे.